गिटार, कॅमेरा आणि भाराभर चिंध्या

मार्च १९८० मध्ये मुंबईत, धोबी तलावाजवळच्या रंगभवनाच्या खुल्या मंचावर 'द पोलीस' हा इंग्रजी रॉक बँड वाजवून गेला. तीन माणसांचा बँड, आणि त्यात गिटार अँडी समर्स यांच्या हाती. जालना तेव्हा जिल्हाही नव्हता; औरंगाबाद जिल्ह्यातून तो वेगळा निघाला १ मे १९८१ रोजी. रंगभवनातल्या त्या संध्याकाळचा आणि जालन्याचा थेट संबंध काहीच नाही, तो ओढूनताणून जोडायचाही नाही. पण समर्स यांच्या साठ वर्षांहून लांब कारकिर्दीकडे पाहताना जो प्रश्न उभा राहतो, तो जालना, अंबड, परतूर, भोकरदन इथल्या घरांत नेहमी विचारला जातो. मुलगा तबल्यावर बसतो आणि चित्रेही काढतो, मुलगी गाते आणि मोबाइलवर फोटोही बरे काढते, असे दिसले की घरातले कुणीतरी म्हणतेच: एक काय ते ठरव. हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो. तरीही तो चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे. दोन कला एका आयुष्यात मनापासून जोपासल्या, तर दुसरी कला पहिलीचा वेळ खात नाही, पहिलीला म्हातारपणापर्यंत चालत राहण्याचे बळ देते. समर्स यांची कारकीर्द याचा चांगला पुरावा आहे, आणि पुरावा म्हटला की त्याची उलटतपासणीही व्हायला हवी.

समर्स यांचा जन्म ३१ डिसेंबर १९४२ चा, इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातला. वाढले ते बोर्नमथ या समुद्रकाठच्या गावात. किशोरवयातच जॅझ ऐकून गिटार हाती घेतली, विशीच्या उंबरठ्यावर लंडन गाठले, झूट मनी यांच्या बँडमध्ये वाजवले. १९६८ या एका वर्षात आधी 'सॉफ्ट मशीन' आणि मग एरिक बर्डन यांचा 'अ‍ॅनिमल्स' अशा दोन नामांकित बँडांतून ते फिरले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी हाती काहीच उरले नाही. पुढची काही वर्षे कॅलिफोर्नियात गेली. तिथे महाविद्यालयात त्यांनी शास्त्रीय गिटारचे शिक्षण घेतले आणि इतरांना गिटार शिकवली. पुढे ज्या टेलिकास्टर गिटारने त्यांना जगभर ओळख दिली, ती याच काळात एका विद्यार्थ्याकडून दोनशे डॉलरला घेतलेली. १९७३ च्या सुमारास ते इंग्लंडला परतले आणि इतरांच्या मागे बसून वाजवू लागले. १९७७ मध्ये स्टिंग आणि स्टुअर्ट कोपलंड यांच्या बँडमध्ये आले, तेव्हा वय चौतीस होते. सोबतचे दोघे त्यांच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान, आणि काळ पंक संगीताचा. त्या बाजारात चौतीस म्हणजे म्हातारा. पुढच्या सहा वर्षांत या तिघांनी पाच अल्बम केले. १९८३ च्या 'सिंक्रोनिसिटी'मधले 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे गाणे अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यानंतर वर्षभरात बँड व्यवहारात संपला होता.

या धावपळीच्या ऐन मध्यावर कॅमेरा आला. १९७९ च्या आसपास समर्स यांनी छायाचित्रण गंभीरपणे सुरू केले. बँड तेव्हा शहरामागून शहर करत होता: विमान, मोटार, हॉटेल, मंच, पुन्हा हॉटेल. मंचावरचे दोन तास सोडले तर वादकाच्या वाट्याला येते ते वाट पाहणे. त्या रिकाम्या वेळेत समर्स हॉटेलच्या खोल्या, आरसे, ओले रस्ते, अर्धवट दिसणारी माणसे, आपले थकलेले सहकारी आणि खिडकीबाहेरची गर्दी टिपत गेले. बहुतेक कृष्णधवल. बोर्नमथच्या चित्रपटगृहात तरुणपणी पाहिलेल्या युरोपीय चित्रपटांनी आपली नजर घडवली असे ते सांगत आले आहेत, आणि त्या छाया-प्रकाशाची सावली त्यांच्या फोटोंवर दिसते. १९८३ मध्ये, म्हणजे बँड शिखरावर असतानाच, 'थ्रॉब' हे त्यांचे पहिले छायाचित्रांचे पुस्तक आले. २००७ मध्ये 'टाशेन' या प्रकाशनसंस्थेने बँडच्या १९८० ते १९८३ या वर्षांतली त्यांची छायाचित्रे ग्रंथरूपाने काढली. त्याच्या आधी, २००४ मध्ये, अमेरिकेतले नामवंत छायाचित्रकार राल्फ गिब्सन यांच्यासोबत त्यांनी 'लाइट स्ट्रिंग्ज' हे गिटारविषयीचे पुस्तक केले. गिब्सन स्वतः गिटार वाजवतात, ही गोष्ट मला या संदर्भात फार बोलकी वाटते. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात समर्स यांच्या छायाचित्रांचे मोठे प्रदर्शन झाले. वयाच्या ऐंशीनंतर ते एकटे मंचावर बसून, मागच्या पडद्यावर आपलेच फोटो लावून, त्यांच्यासमोर गिटार वाजवणारे कार्यक्रम करू लागले.

याला छंद म्हणायचे का? छंदाला आपण एक विशिष्ट अर्थ दिला आहे: मुख्य कामातून वेळ उरला तर करायची गोष्ट, जिच्यासाठी कुणी जाब विचारत नाही. चार दशकांहून अधिक काळ एखादा माणूस एकच गोष्ट करत राहतो, पुस्तके काढतो, भिंतीवर लावून अनोळखी लोकांसमोर उभी करतो, तेव्हा तो जाब मागून घेत असतो. शिवाय या दोन कामांच्या आत एकच वृत्ती दिसते, आणि ती ऐकूनही पाहता येते. 'मेसेज इन अ बॉटल' या १९७९ च्या गाण्यातली गिटारची ओळ घ्या. आपल्या भाषेत सांगायचे तर ती षड्ज, पंचम आणि वरचा ऋषभ अशी चढत जाते आणि गंधार गाळते. गंधार शुद्ध लागला की पाश्चात्त्य कानाला आनंद वाटतो, कोमल लागला की उदासी. समर्स तो स्वर देतच नाहीत, म्हणून ओळ दोहोंच्या मधे लोंबकळत राहते. 'एव्हरी ब्रेथ यू टेक'मध्येही बोटे लांब ताणून त्याच षड्ज-पंचम-ऋषभाची साखळी आहे. तिथे गंधार येतो, पण उशिरा आणि हलकेच, आणि मधल्या जागा मोकळ्या राहतात. फक्त तीन वाद्यांच्या बँडमध्ये गिटारवाला सगळी जागा भरून टाकायला मोकळा असतो. समर्स यांनी उलट केले. स्वर कमी, त्यांच्यातले अंतर जास्त, आणि ते अंतर प्रतिध्वनीने भरलेले. त्यांच्या फोटोंतही हेच आहे. चेहऱ्याऐवजी खांदा, माणसाऐवजी त्याची सावली, खोलीऐवजी दाराच्या फटीतला उजेड. काय गाळायचे हे ठरवणारा माणूस दोन्ही ठिकाणी तोच आहे. म्हणून ही एकच कारकीर्द आहे, आणि तिची मोजदाद 'गिटारवादक, शिवाय फोटोही काढतात' अशी करणे त्या कामावर अन्याय करणारे आहे.

यावर पहिला आक्षेप आपल्याच म्हणींतून येतो: एक ना धड, भाराभर चिंध्या. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण त्यामागे आपल्या संगीतपरंपरेचा खरा अनुभव आहे. एका रागावर वर्ष घालवणारे गुरू, पहाटेचा खर्ज, एकाच घराण्याची चाल अंगात मुरेपर्यंत दुसरे काही ऐकायलाही मनाई, या शिस्तीतून जे गाणे तयार झाले त्याला तोड नाही. चार गोष्टी अर्धवट शिकून एकही न येणारी माणसेही आपण पाहतो. पण म्हण नीट वाचली तर तिचा रोख 'धड'वर आहे. तिची तक्रार अनेकपणाबद्दल नाही, अर्धवटपणाबद्दल आहे. समर्स यांचा क्रम पाहा. किशोरवयापासून गिटार, त्यात जॅझ, ब्लूज, मग महाविद्यालयात शास्त्रीय गिटार, आणि या सगळ्याला वीस वर्षे होऊन गेल्यावर कॅमेरा. एक कला हाडात उतरल्यावर दुसरीकडे जाणारा माणूस रियाझ म्हणजे काय हे जाणतो. कॅमेरा हाती घेतल्यावर पहिली दोन-तीन वर्षे आपण वाईटच फोटो काढणार, हे त्याला कुणी समजवावे लागत नाही. म्हणून हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. दहा वर्षांच्या मुलाला एकाच वेळी सहा शिकवण्यांना धाडण्याचे समर्थन यातून निघत नाही. निघते ते एवढेच, की पहिल्या कलेत पाय रोवलेल्या माणसाला दुसरीपासून अडवू नये.

आपल्या परंपरेतही हे काही नवे नाही. आपण ते विसरलो आहोत, किंवा आठवताना कापूनछाटून आठवतो. दादासाहेब फाळके यांना आपण चित्रपटाचे जनक म्हणतो, तेव्हा त्याआधीची जवळजवळ तीस वर्षे गाळून टाकतो. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यातला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छपाईचा धंदा, जादूचे प्रयोग हे सगळे करून वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, १९१३ मध्ये, त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. प्रकाश कुठून घ्यायचा, चित्र कसे छापायचे, प्रेक्षकाची नजर कशी चकवायची हे त्यांना आधीच्या एकेका कामाने शिकवले होते. जालना ज्या निजामी राज्यात होते, त्या राज्याच्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे मुळात रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी केलेले. इमारतींच्या त्यांच्या फोटोंत जी रेषांची शिस्त आहे, तिच्यामागे तो नकाशांवर काम केलेला हात आहे. आणि समर्स यांना सर्वांत जवळचे उदाहरण तर लता मंगेशकर यांचे. लतादीदींना छायाचित्रणाची मनापासून आवड होती, रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यावर त्यांचा जीव होता. हा कॅमेरा सहसा डोळ्याला लावायचा नसतो. तो पोटाशी धरून वरून काचेत पाहावे लागते, डावे-उजवे उलटे दिसते, आणि एका रोलवर बारा फोटो येतात. घाई करणाऱ्याचे ते यंत्र नव्हे. श्वास कुठे घ्यायचा याचा हिशेब आयुष्यभर करणाऱ्या गायिकेला ते आवडावे यात मला नवल वाटत नाही.

लतादीदींनी संगीतकार म्हणूनही काम केले, तेही 'आनंदघन' या दुसऱ्या नावाने: १९६४ चा 'मराठा तितुका मेळवावा', १९६५ चा 'साधी माणसं', १९६९ चा 'तांबडी माती'. दुसरे नाव घेण्यामागची कारणे त्यांची त्यांना ठाऊक. पण आपल्या समाजात दुसऱ्या कामाला दुसरे नाव द्यावेसे वाटते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका माणसाची एकच पाटी आपल्याला सोयीची वाटते. लतादीदींनी काढलेल्या छायाचित्रांबद्दल गांभीर्याने किती लिहिले गेले, आणि त्यांच्या पांढऱ्या साड्यांबद्दल किती, याची तुलना करून पाहावी.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे. समर्स श्रीमंत होते, प्रसिद्ध होते. त्यांचे फोटो त्यांच्या नावावर खपले. सामान्य माणसाला हा नाद परवडायचा कसा? यातला नावाचा भाग खराच आहे. प्रसिद्ध वादकाच्या पुस्तकाला प्रकाशक सहज मिळतो, निनावी छायाचित्रकाराला मिळत नाही, आणि प्रसिद्ध बँडच्या आतले फोटो म्हटले की चाहते विकत घेणारच. पण नावाने दार उघडते ते एकदाच. बँड संपल्यावर समर्स यांच्या फोटोंत बँड उरला नव्हता; होत्या त्या अनोळखी शहरांतल्या अनोळखी गल्ल्या, ज्यांत चाहत्यांना रस असण्याचे कारण नाही. संगीतातही त्यांनी तेच केले. गाणी सोडून शब्दांविना वाजवायचे अल्बम केले, १९९९ मध्ये थेलोनियस मंक आणि त्यानंतर चार्ल्स मिंगस यांच्या जॅझ रचनांना वाहिलेले अल्बम केले. यांतल्या कशातूनही पूर्वीइतका पैसा येणार नव्हता. पैशासाठी टिकलेली गोष्ट पैसा आटला की थांबते. ही थांबली नाही.

परवडण्याच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर दुसऱ्या एका गिटारवादकाकडे आहे. 'क्वीन' बँडचे ब्रायन मे. मे यांच्याकडे तरुणपणी चांगली गिटार घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून १९६३ मध्ये त्यांनी वडिलांच्या मदतीने ती घरीच बनवायला घेतली. मान केली जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून, आतल्या स्प्रिंगा घेतल्या जुन्या मोटारसायकलच्या, पट्ट्यांवरचे ठिपके केले आईच्या शिवणाच्या डब्यातल्या बटणांचे. तीच गिटार त्यांनी पुढे आयुष्यभर जगभरच्या मैदानांवर वाजवली. या मे यांची दुसरी कला म्हणजे त्रिमिती छायाचित्रण. दोन डोळ्यांसाठी दोन फोटो शेजारी ठेवून खोली दाखवणारी या एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीची गोडी त्यांना लहानपणी नाश्त्याच्या धान्याच्या पाकिटातून मिळणाऱ्या चित्रांमुळे लागली. त्यावर त्यांनी अभ्यासपूर्ण पुस्तके केली, २०१७ मध्ये आपल्या बँडचे त्रिमिती फोटोही पुस्तकरूपात आणले, आणि मधल्या काळात, २००७ मध्ये, अर्धवट राहिलेली खगोलभौतिकीतली पीएच.डी.ही पुरी केली. सुरुवात कशातून झाली ते महत्त्वाचे: भंगारातून आणि फुकट मिळालेल्या चित्रातून. भंगार वितळवून त्याच्या सळया करणाऱ्या जालन्याला हे वेगळे समजावण्याची गरज नसावी. या शहराच्या औद्योगिक वसाहतीत आलेल्या भंगाराच्या ढिगातून उद्याच्या इमारतींचे लोखंड निघते, हे इथले प्रत्येक पोर पाहत मोठे होते.

खरे तर दोन कलांचा माणूस जालना जिल्ह्यात आजही आहे. फक्त त्याला कुणी कलावंत म्हणत नाही. लग्नसराईत बँजो पार्टीत किंवा ऑर्केस्ट्रात की-बोर्ड, ऑक्टोपॅड, गिटार वाजवणारी आणि तारीख रिकामी असेल तेव्हा कॅमेरा घेऊन लग्नाची शूटिंग करणारी तरुण मुले मराठवाड्याच्या तालुक्या-तालुक्यांत आहेत. हंगामात कमवायचे आणि बिगरहंगामात दुसरे काहीतरी धरायचे, हा त्यांचा हिशेब आहे. त्यांच्या घरचे यालाच 'पोरगं अजून स्थिर नाही' म्हणतात. पण याच घरची माणसे शेतात काय करतात? कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी लावतात. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास निघते, तूर त्यानंतर दोन-अडीच महिने उभी राहते. सोयाबीनची मुळे वरच्या थरात, तुरीची खोल. पावसाने ऐनवेळी दगा दिला तर एक तरी हाती लागते. महिकोसारखी बियाणे कंपनी ज्या गावातून १९६० च्या दशकात उभी राहिली, त्या जालन्यात आंतरपिकाचे शहाणपण कुणी शिकवायला नको. त्यात एक अट मात्र आहे: दोन पिकांचा कालावधी वेगळा हवा, नाहीतर ती एकमेकांचेच पाणी पितात. गिटार आणि कॅमेरा यांचे जमते ते याचमुळे. वाजवणे वेळेत उलगडते, सूर गेला की गेला, समोर श्रोते हवेत, साथीदार हवेत. फोटो क्षणात घेतला जातो आणि मग अनेक दिवस एकट्याने निवडला, घडवला जातो. साथीदार तुटले, बोटे थकली, कार्यक्रम बंद पडले तरी दुसरे काम चालू राहते. बँड फुटल्यावर समर्स यांना हेच उपयोगी पडले असे त्यांच्या कामांच्या तारखा सांगतात.

तिसरा आक्षेप जिल्ह्याच्या परिस्थितीवरून निघेल, आणि तो सर्वांत गंभीर आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या, मोसंबीच्या बागा वाळताना पाहिलेल्या, ऊसतोडीला आणि शहरांकडे माणसे पाठवणाऱ्या भागात गिटार आणि कॅमेऱ्याची चर्चा कशाला? मला वाटते, अशा भागातच ती जास्त हवी. संपन्न घरातल्या मुलाला दुसरी संधी मिळतेच. एक वाट बंद झाली तर बाप दुसरी उघडून देतो. दुष्काळी गावातल्या मुलाला 'एकच ठरव' म्हणणे म्हणजे त्याच्या हातची एकमेव फांदी आपण निवडून देणे आहे. शिवाय कला ही पोट भरल्यावरची गोष्ट आहे, हे या जिल्ह्याचा इतिहासच नाकारतो. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ग्रंथ लिहिले, आरत्या रचल्या, मारुतीची मंदिरे उभारली, व्यायामाचा आग्रह धरला. यातले एक निवडा असे त्यांना कुणी सांगितले असते तर? अंबडसारख्या तालुक्याच्या गावी दत्तजयंतीला शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो, आणि त्याची परंपरा कित्येक पिढ्यांची आहे. गावोगाव भजनी मंडळे आहेत, पखवाज आहे, हार्मोनियम आहे. कानाची तयारी इथे आहेच. उणीव आहे ती त्या कानाशेजारी डोळा बसवण्याची.

त्यासाठी करायचे काय, हेही सांगायला हवे, नाहीतर हा लेख नुसता गौरव ठरेल. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच सहावी ते आठवीच्या, शंभराहून जास्त पट असलेल्या शाळांसाठी कलेचा अंशकालीन निदेशक आवश्यक ठरवला आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक अशा शाळेत हे पद भरलेले आहे का, आणि भरलेले असेल तर तो शिक्षक परीक्षेच्या कामाला जुंपला जात नाही ना, हे पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत विचारावे. आज कलेचा दहावीशी संबंध उरला आहे तो वाढीव गुणांपुरता. रेखाकला परीक्षा दिली, शास्त्रीय गायनाच्या परीक्षा दिल्या, गुण मिळाले, की अकरावीत पेटी माळ्यावर जाते. कलेला गुण देऊ नयेत असे मी म्हणत नाही. त्या गुणांमुळे काही घरांत निदान पेटी तरी आली. पण गुण संपल्यावरही वाजवत राहणाऱ्या मुलाला जिल्ह्यात जायला एक जागा हवी. जालन्यात मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. अशा सभागृहांच्या दालनाची एक भिंत स्थानिक छायाचित्रकारांसाठी कायम राखून ठेवायला फार मोठा निधी लागत नाही. भिंत, थोडे खिळे, दोन-तीन दिवे आणि दर दोन महिन्यांनी फोटो बदलणारा एक जबाबदार माणूस, एवढे पुरते.

कॅमेऱ्याचा खर्च हा अडसर आता उरलेला नाही. कॅमेरा बहुतेक घरांत फोनच्या रूपाने आला आहे. अडसर आहे तो अतिरेकाचा. समर्स यांनी सुरुवात केली तेव्हा एका रोलमध्ये छत्तीस फोटो होते, लतादीदींच्या रोलिफ्लेक्समध्ये बारा. आता एका हळदीत दोन हजार निघतात आणि त्यांतला एकही पुन्हा पाहिला जात नाही. म्हणून शिकवायचे झाले तर फोटो काढायला आधी शिकवू नये, निवडायला शिकवावे. महिनाभराच्या फोटोंतून बारा ठेवायचे, ते छापून घ्यायचे, आणि हेच बारा का, हे गावच्या चार माणसांसमोर उभे राहून सांगायचे. गाणाऱ्या मुलाला हे लवकर जमेल असा माझा अंदाज आहे, कारण आलाप कुठे थांबवायचा हे त्याला रोज ठरवावे लागते. आणि वाजवणाऱ्याने आपलेच फोटो मागे लावून वाजवावे, हा समर्स यांचा म्हातारपणीचा प्रयोग तर जालन्याच्या सभागृहात उद्याही करता येईल. पांढरा पडदा, भाड्याचा प्रोजेक्टर, एक खुर्ची. गिटारऐवजी हार्मोनियम असो की पखवाज. पडद्यावर परतूरचा बाजार असो, गव्हाच्या मळणीची धूळ असो किंवा धुलिवंदनाला जालन्यात निघणाऱ्या हत्ती रिसाल्याच्या मिरवणुकीतली गर्दी असो. मंचावर बसलेला माणूस एकच असावा, आणि कार्यक्रमपत्रिकेवर त्याच्या नावापुढे दोन्ही कामे एकाच टाइपात छापावीत.